लीलाबाईची दुपारची भाकर

डॉक्टरीणबाई वयानं नातीएवढी, पण बोलणं असं की समोरच्यानं मान खाली घालावी. मुकुंदवाडीच्या आरोग्य केंद्रात तिनं साहेबरावांचा रिपोर्ट टेबलावर ठेवला, एका आकड्याभोवती पेनानं गोल काढला आणि म्हणाली, "काका, तीन महिन्यांची साखर नऊ पूर्णांक चार आहे. हे काय चालवलंय?"

साहेबराव म्हणजे चौसष्ट वर्षांचा माणूस, चिकलठाण्याच्या कंपनीत बत्तीस-तेहतीस वर्षं प्रेस मशीनवर उभा राहिलेला, साहेबाच्याही डोळ्याला डोळा देऊन बोलणारा. पण आता गृहपाठ विसरलेल्या पोरागत बोटं मोडत बसला होता.

"खाता काय तुम्ही?"

"मेसचा डबा. पाच पोळ्या, बटाट्याची भाजी, भात. सकाळ-संध्याकाळ चहा-टोस्ट."

"मग रिपोर्ट दुसरं काय सांगणार? गोळ्या चालूच ठेवा, एकही चुकवायची नाही. पण पोळी, भात, टोस्ट आता बास. ज्वारीची भाकरी खा. पालेभाजी, हुलग्याची नाहीतर मटकीची उसळ, ताक. मार्चमध्ये पुन्हा रक्त तपासू. साखर उतरली नाही तर इन्सुलिन लावावं लागेल."

इन्सुलिनचं साहेबरावांना फारसं काही वाटलं नाही. सुई ती सुई. पण भाकरी म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा झाला की डॉक्टरीणबाईनं विचारलं, "काय झालं? दात दुखतात का?"

आता तुम्ही म्हणाल, मराठवाड्यातला माणूस आणि भाकरीचं नाव काढल्यावर तोंड वाकडं करतो? थांबा. त्याला कारण आहे, आणि ते साहेबरावांच्याही जन्माआधीचं आहे.

साहेबरावांचं गाव पाचोडच्या अलीकडचं. त्यांची आजी संध्याकाळ झाली की डोक्यावर पाटी घेऊन गावात दारोदार उभी राहायची. घरच्या माणसांनी दिवसभर गावकीची कामं केलेली असायची, त्याचा मोबदला म्हणून शिळ्या भाकरीचे तुकडे वरच्या वर, पाटीला हात न लावता टाकले जायचे. छप्पन साली आजोबांनी धम्म घेतला, गावकीची कामं सोडली आणि पहिलं काम काय केलं असेल तर ती पाटी चुलीत घातली. साहेबराव जन्मले त्याच्या चार वर्षांनी. पण ही गोष्ट घरात इतक्या वेळा सांगितली गेली, आणि सांगताना बापाचा आवाज दर वेळी असा फुटायचा, की ती पाटी आपणच पाहिली असं त्यांना वाटायचं. भाकर दिसली की पाटी दिसायची. त्याला ते तरी काय करणार?

पंचाऐंशी साली साहेबराव कंपनीत कायम झाले आणि त्याच साली लग्न झालं. मुकुंदवाडीत दोन खोल्या घेतल्या. पहिल्या पगाराला सायकलवर गव्हाचं पोतं लादून आणलं, नव्या नवरीपुढं टेकवलं आणि म्हणाले, "लीला, या घरात रोज गव्हाची पोळी. भाकर नको."

लीलाबाईचं माहेर पाचोडच्या पलीकडं. जन्मापासून भाकरीवर वाढलेली पोरगी ती. तिनं पोत्याकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "बरं."

पुढच्या वर्षी हिवाळ्यात तिनं एकदाच विचारून पाहिलं. "अहो, थंडी लई हाय. आज एखादी भाकर टाकू का?" साहेबराव एरवी आवाज चढवणारे नव्हते, पण त्या दिवशी चढला. "माझ्या घरात परत हा शब्द काढायचा नाय." लीलाबाई पुन्हा म्हणाली, "बरं." तिनं बरं म्हटलं की विषय संपला असं साहेबराव समजत. सगळेच नवरे तसं समजतात.

माणूस वाईट नव्हता हो. दारू नाही, हात उगारणं नाही, पगाराचं पाकीट न फोडता तिच्या हातात. कंपनीच्या कँटीनमध्ये डबा उघडायचे तेव्हा चार मऊ पोळ्या वर दिसल्या पाहिजेत, एवढाच त्यांचा काय तो तोरा. शेजारी कोणी भाकरीचं फडकं सोडलं की यांना त्याची कीव यायची. निवृत्त झाल्यावर पुंडलिकनगरच्या एका बिल्डिंगवर दिवसाची वॉचमनकी धरली, तिथंही डब्यात पोळीच.

लीलाबाई जाऊन आता दोन वर्षं होत आली होती. फेब्रुवारीतली सकाळ, साहेबराव कामावर, आणि ती दारातल्या ओट्यावर पाला निवडत बसलेली. शेवग्याचं झाड तिनंच दारात लावलेलं, त्याचा पाला मांडीवर तसाच, आणि ती भिंतीला टेकून गेलेली. हा पाला ती कोणासाठी निवडत होती, हे विचारायचं त्या दिवशी कोणाला सुचणार?

त्यानंतर साहेबरावांच्या पायाला सूज यायला लागली, वॉचमनकी सुटली, आणि मेसचा डबा लागला.

रिपोर्टची बातमी पुण्याला पोचली तेव्हा प्रणयचा लगेच फोन आला. एकुलता एक मुलगा, बारा वर्षं झाली पुण्यात नोकरीला. "पप्पा, आता मी ऐकणार नाही. मार्चचा रिपोर्ट खाली आला तर ठीक. नाही आला तर घर भाड्यानं देऊ, तुम्ही इकडं या."

प्रणय चांगला, सूनबाई करुणा त्याहून चांगली. पुण्यात साहेबरावांना फुलासारखं जपलं असतं. पण पुण्यात लीला नव्हती. इथं होती. मांडणीवरचे डबे तिनं लावले त्याच क्रमानं होते. दाराच्या चौकटीला उठताना हात टेकून टेकून जिथं तेलकट डाग पडला होता, तो तिच्या हाताचा होता. सकाळी चहा ओतताना साहेबराव तिच्याशी दोन वाक्यं बोलत, आणि दुसऱ्याच्या घरात, मग ते मुलाचं का असेना, असं मोठ्यानं बोलता येत नाही. हे घर सोडायचं म्हणजे ती दुसऱ्यांदा जायची. म्हणून साखर उतरायला पाहिजे होती. बाकी त्यांना काही नको होतं.

करुणानं मोबाइलवर यादी पाठवली. ओट्स, सफरचंद, बदाम, ऑलिव्ह तेल. साहेबराव ती घेऊन पुंडलिकनगरच्या मोठ्या दुकानात गेले. ओट्सचा पुडा उचलला, चष्मा वर करून किंमत वाचली आणि तान्हं लेकरू पाळण्यात ठेवावं इतक्या हळू तो जागेवर ठेवला. पेन्शन ती केवढीशी, त्यात गोळ्या आणि लाइटबिल. प्रणय पाठवायचा, पण त्याच्याही डोक्यावर फ्लॅटचे हप्ते होते, मागायला तोंड उघडत नव्हतं.

मग राहिली ज्वारी. गल्लीतल्या दुकानात भाव विचारला तर दुसराच धक्का. रेशनला गहू फुकट आणि ज्वारीला रोख पैसे! आजीच्या पाटीत जी भाकर तुकड्यातुकड्यानं पडायची, ती आता गव्हाच्या डोक्यावर जाऊन बसली होती. "हाय का आता," म्हणत साहेबरावांनी पिठाचा एक पुडा घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्टीलच्या ताटात पीठ मळलं आणि थापायला घेतलं. पहिली भाकर उचलताना मोडली. दुसरी तव्यावर मोडली. तिसरी थापतानाच चिरत गेली, म्हणून रागानं हात जोरात आपटला, तर भिंतीपलीकडून आवाज आला, "भाऊ, काय फोडताय?"

ही सरूबाई. भिंतीला भिंत लागून घर. नांदायला आली तेव्हापासून लीलाबाईची जिवाची मैत्रीण, तोंडानं फटकळ आणि मनानं अगदी साधी. पदरानं हात पुसत ती दारात आली, तव्याकडं पाहिलं आणि तोंडाला हात लावला.

"अगं बया! ह्या भाकरी हायत व्हय? मला वाटलं कौलं पडली."

"हसा," साहेबराव म्हणाले. "डॉक्टरीणबाईनं सांगितलंय म्हणून खायची. नायतर मी?"

"आवो, पिठाची विरी गेलीय. जुनं झालं की पीठ चिकटपणा सोडतं, मग कितीबी थापा. पाणी उकळतं घ्या, त्यानं जरा धरंल. अन् हे ताट ठेवा बाजूला, ताटात कुठं भाकर थापत्यात? लीलाताईची काठवट काढा की."

"कसली काठवट?"

सरूबाईनं जीभ चावली. पण शब्द सुटला तो सुटला.

"सरूबाई, या घरात काठवट नाय."

तिनं आतल्या पलंगाकडं पाहिलं. साहेबराव गुडघ्यावर बसले, पलंगाखाली हात घातला. पार कोपऱ्यात, गोधड्यांच्या बोचक्यामागं, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात काहीतरी जड गुंडाळलेलं होतं. बाहेर ओढून सोडलं. लाकडाची काठवट, मधोमध झिजून गुळगुळीत झालेली, कडेच्या चिरेत ज्वारीचं पीठ वाळून बसलेलं. साहेबराव ती मांडीवर घेऊन तसेच फरशीवर बसून राहिले.

"काय चालायचं माझ्या घरात?" त्यांनी विचारलं.

"चालायचं काय? भाकर चालायची," सरूबाई म्हणाली. आता लपवून काय उपयोग होता! "तुम्ही सकाळी सायकल काढली, पोळीचा डबा घेऊन गेलात, की दुपारी हिची काठवट निघायची. पीठ माझ्या घरी असायचं. तुमच्या सुटीच्या दिवशी ती माझ्याकडं येऊन थापायची. मी नवी नवरी होते तवापासनं बघते. माझी सासू म्हणायची, त्यांच्याकडं जेवायचं नाय. मी म्हणलं, भाकर चांगली हाय तर जेवणार, तुम्ही काय करायचं ते करा."

"मला वास कसा आला नाय कधी?"

"आला की. तुम्ही म्हणायचे, सरूबाईच्या घरातनं येतोय."

खरंच म्हणायचे. साहेबरावांना आठवलं आणि आणखीच राग आला. त्यांनी प्रणयला फोन लावला, जसं काही पोलिसात तक्रार द्यावी. पलीकडं प्रणय हसला.

"पप्पा, गल्लीत तुम्ही सोडून सगळ्यांना माहीत होतं. शाळेतून आलो की मी पण खायचो. आई म्हणायची, पप्पांना सांगू नको, त्यांना त्यांची आजी आठवते."

साहेबरावांनी फोन ठेवला. दोन दिवस ते सरूबाईशी बोलले नाहीत. काठवट पलंगावर, लुगड्याच्या तुकड्यावर तशीच पडून होती. येता-जाता तिच्याकडं पाहायचं नाही असं ठरवायचे आणि पाहायचे. त्यांना राग कशाचा आला होता ते त्यांनाच नीट सांगता येईना. फसवल्याचा म्हणावा, तर तिनं काय फसवलं होतं? जेवली होती बिचारी, आपल्या घरात, आपल्या आवडीचं. त्यासाठी तिला पलंगाखाली हात घालावा लागला, हे खरं झोंबत होतं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मेसवाल्याला डबा बंद करायला सांगितलं आणि भिंतीवर दोनदा थाप मारली. "सरूबाई, शिकवा."

झालं, शिकवणी सुरू. सरूबाई दारात बसून हुकूम सोडायची. "रगडा की तळहातानं! मोठं मशीन चालवायचे म्हणे." भाकर आधी मोडायची, मग कडेला फाटायची, मग एक दिवस तव्यावर टम्म फुगली. साहेबरावांनी सरूबाईला हाक मारून ती दाखवली. तोवर भाकर बसलीही.

भाजीचं शिक्षण निराळं. लीलाबाई कधी यादी घेऊन बाजारात गेली नव्हती. दिवस कलायला लागला की निघायची. त्या वेळी भाजीवाल्याला उरलेल्या जुड्या घरी परत न्यायच्या नसतात. "जे ढिगानं आलंय ते घ्यायचं, म्हणायची ती," सरूबाई सांगायची. "ढिगानं आलं म्हंजी ताजं, अन् ताजं म्हंजी स्वस्त. आपल्याला काय आवडतंय ते नाय बघायचं, रानाला काय आवडतंय ते बघायचं." डिसेंबरात मेथी आणि चंदनबटवा, जानेवारीत हरभऱ्याचा पाला आणि करडईची कोवळी भाजी. दारात शेवगा होताच, त्याला तर हात वर करायचा अवकाश. कडधान्यात हुलगे सगळ्यात स्वस्त. रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणायचे, त्यांची उसळ, आणि थंडीत हुलग्याच्या पिठाचं पातळ, गरम माडगं. जवसाची चटणी एकदा कुटून ठेवली की आठवडा बघायला नको. करुणाच्या यादीतलं एक सफरचंद येतं तेवढ्या पैशात साहेबरावांची चार दिवसांची भाजी होऊ लागली. जेवून रेल्वे स्टेशनपर्यंत पायी जायचे आणि परत यायचे. पायाची सूज उतरली, पँट ढिली झाली.

पण एक झालं. हे सगळं जसजसं जमायला लागलं, तसतशी लीलाबाई जास्त आठवायला लागली. ती गेल्यावर साहेबराव तिच्यासाठी रडले होते, पण ते त्यांना माहीत असलेल्या लीलाबाईसाठी. आता जेवायला बसले की दुसरीच एक लीलाबाई समोर यायची. दुपारी काठवटीवर हात चालवणारी, सरूबाईशी हसणारी, करडईच्या भाजीबरोबर कांदा फोडून खाणारी. तिच्याबरोबर ते एकदाही जेवले नव्हते. अडतीस वर्षांत एकदाही नाही. सुखाचं म्हणून जे काही तिचं होतं, ते साहेबराव घराबाहेर असताना झालं होतं. एकदा, एकच दुपार मिळावी, असं त्यांना घास तोंडात असताना वाटायचं आणि घास फिरत राहायचा.

"छान जमली की," सरूबाई एक दिवस म्हणाली. "पर लीलाताईची गोड लागायची."

"का?"

"तिची ज्वारी पाचोडच्या बाजारातली. कडूबा म्हणून एक म्हातारा हाय, त्याच्याकडची. वर्षातनं दोनदा माहेराला जायची ना, तवा आणायची."

लीलाबाई माहेराहून पिशवी घेऊन यायची हे साहेबरावांना माहीत होतं. पिशवीत काय आहे हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

फेब्रुवारी संपता संपता, नवी ज्वारी निघाल्यावर, ते एसटीनं पाचोडच्या बाजाराला गेले. कडूबा सापडायला वेळ लागला नाही. दोन पोत्यांमागं पागोटं बांधून बसलेला, डोळ्यानं अधू, पण दाणा हातात घेऊन ज्वारीची जात सांगणारा.

"मुकुंदवाडीच्या लीलाबाई ज्वारी न्यायच्या," साहेबरावांनी सांगितलं. "मी त्यांचा मालक."

म्हाताऱ्याचा चेहरा खुलला. "आसं व्हय! आल्या नाय लीलाबाई? दोन साल झाले, मी म्हणतोय येतील, येतील."

"ती गेली, कडूबा."

कडूबानं हातातलं माप खाली ठेवलं. मग ज्वारी भरता भरता म्हणाला, "लई चांगली बाई. दर बारीला म्हणायची, टपोरी बघून द्या, आमच्या घरात खाणारे तीन जण हायत."

"तीन?"

"तीनच म्हणायच्या."

परतीच्या एसटीत ज्वारीची पिशवी मांडीवर घेऊन साहेबराव मोजत राहिले. लीला एक. सरूबाई दुसरी. प्रणय तर बारा वर्षांपासून पुण्यात. मग तिसरं कोण?

ज्वारी दळून आणली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी शेवग्याच्या पाल्याची भाजी केली, काठवटीत ताजं पीठ मळलं आणि दोन भाकरी टाकल्या. पिठानं कुठंही चीर दिली नाही. मग भिंतीवर थाप मारून सरूबाईला जेवायला बोलावलं. जुन्या जागेवर, चुलीच्या बाजूला, ती मांडी घालून बसली. पहिला घास घेतला आणि डोळे पुसले. "हीच," म्हणाली. "हीच ती."

"सरूबाई, एक सांगा. लीला किती भाकरी टाकायची?"

ती चावायची थांबली. "तीन."

"तिसरी कोणाची?"

"खाऊ द्या की मला."

"सरूबाई."

"तुमची," ती म्हणाली. "आणखी कोणाची आसंल? प्रणय होता तवा चार, तो गेल्यावर रोज तीन टाकायची. एक तिची, एक माझी, एक तुमची. तुमची फडक्यात गुंडाळून, दुरडीत घालून त्या खालच्या फळीवर झाकून ठेवायची. म्हणायची, आज विचारतील. मी म्हणायचे, अगं बाई, तो माणूस उपाशी मरंल पर भाकर मागायचा नाय. तर हसायची. म्हणायची, मला कुठं घाई हाय?"

साहेबरावांनी मांडणीच्या खालच्या फळीकडं पाहिलं. दुरडी तिथंच होती. कायम तिथंच असायची. एकदा, फार वर्षांपूर्वी, कामावरून आल्यावर त्यांनी विचारलंही होतं, हे काय झाकलंय? आणि लीलाबाई म्हणाली होती, "माझं हाय. राहू द्या."

"मग तिचं काय व्हायचं? त्या भाकरीचं?"

"पाचला तुम्ही यायचे, पोळी मागायचे. ती तुम्हाला गरम पोळी वाढायची. अन् तुमचं झाल्यावर ती गार भाकर ताकात कुस्करून आपण खायची. फेकायची नाय कधी."

साहेबरावांना ते दिसलं, कारण ते त्यांनी रोज पाहिलं होतं. ती नेहमी त्यांच्या मागून जेवायची, चुलीकडं तोंड करून, त्यांच्याकडं पाठ करून. त्यांना वाटायचं, तिची सवय असेल. या घरात कोणाच्या वाट्याला शिळी भाकर येऊ नये म्हणून त्यांनी भाकरीचं नाव बंद केलं होतं. आणि त्याच घरात त्यांच्या बायकोनं अडतीस वर्षं शिळी भाकर खाल्ली, ती त्यांच्या वाट्याची होती म्हणून.

ताट पुढं होतं आणि साहेबराव रडायला लागले. मोठा माणूस रडतो तसे, आवाज न करता, खांदे हलवत. सरूबाईनं उगी म्हटलं नाही. तिनं फक्त त्यांची भाकर फडक्यानं झाकली, गार होऊ नये म्हणून.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाईनं तो दोनदा वाचला. "सहा पूर्णांक नऊ! काका, काय केलंत काय?"

"बायकोचं ऐकलं."

"अरे वा. आणा की काकूंना एकदा, मला भेटायचंय."

"उशिरा ऐकलं," साहेबराव म्हणाले.

तिला कळलं. गोळ्यांच्या चिठ्ठीवर सही करताना तिनं मान वर केली नाही.

बाहेर येऊन त्यांनी प्रणयला आकडा सांगितला. प्रणय म्हणाला, "राहा पप्पा तिथंच. मे महिन्यात आम्हीच येतो. मला दुपारची भाकर खायचीय." घर राहिलं. जे पाहिजे होतं ते मिळालं होतं, आणि साहेबरावांना रस्त्यानं चालत येताना सारखं वाटत होतं की ही बातमी सांगायला आधी घरी पोचायला पाहिजे.

त्या दुपारी त्यांनी काठवटीवर तीन भाकरी थापल्या. एक त्यांनी खाल्ली, एक सरूबाईनं. तिसरी स्वच्छ फडक्यात गुंडाळून दुरडीत ठेवली आणि खालच्या फळीवर झाकली. सरूबाईनं पाहिलं आणि ती घरी गेली.

पाच वाजता साहेबराव मोरीत गेले, कामावरून आल्यावर धुवायचे तसे हातपाय धुतले, तोंडावर पाणी मारलं. टॉवेलनं पुसत येऊन नेहमीच्या जागी बसले. पुढं रिकामं ताट ठेवलं. दारातल्या शेवग्याची सावली ओट्यावर आली होती. चुलीच्या बाजूची जागा रिकामी होती.

"लीला," ते मोठ्यानं म्हणाले, "भूक लागलीय. भाकर वाढ."

अडतीस वर्षं तिनं ज्या शब्दांची वाट पाहिली, ते शब्द घरात उच्चारून झाले. त्यांना वाटलं होतं, बोलल्यावर हलकं वाटेल. वाटलं नाही. नुसती ती हवी होती, दुसरं काही नको होतं.

थोडा वेळ ते तसेच बसून राहिले. मग गुडघ्यावर हात टेकून उठले, दुरडीतलं फडकं सोडलं आणि आपल्या वाट्याची गार भाकर आपल्याच हातानं ताटात घेतली.